साठ सेंटिमीटरची वाट

१३ सप्टेंबर, रविवार

ताई गेल्याला आज सात आठवडे झाले. असं लिहिलं की भलतंच वाटतं. गेली म्हणजे मुलाकडे गेली, दुसऱ्या शहरात, आगगाडीने पाच तास. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातूनच भाचा तिला परस्पर घेऊन गेला. "तीन महिने, मावशी," तो म्हणाला, "मग बघू." म्हणजे ऑक्टोबरअखेर.

मी डायरी लिहिणाऱ्यातली नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जे सांगायचं ते रेघांनी सांगायचं आणि खाली सही ठोकायची. बोलण्याचं खातं ताईकडे. नवरा वारल्यावर तीन वर्षांच्या पोराला घेऊन ती माझ्याकडे आली ती आठवडाभरासाठी, आणि राहिली अठ्ठावीस वर्षं. आता घरात बोलणारं कोणी नाही, आणि बोलायचं तर रोज साचतं. म्हणून ही वही.

एक ठरवलंय. ताई परत यायच्या आत मागच्या अंगणाची बाग करायची. तिला तिथे बसायला जागा हवी होती. बाक, चार फुलं, एवढंच तिचं म्हणणं. मी म्हणायचे, आधी नकाशा. नकाशे मी आजवर सात केले. "तुझी बाग कागदावरच फुलते, बारके," ती म्हणायची. बारके म्हणजे मी. एकसष्ट वर्षांची बारकी.

१५ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी टेप घेऊन अंगण मोजलं. लांबी सात मीटर वीस, रुंदी चार पंच्याऐंशी. दुसरं टोक धरायला कोणी नाही, म्हणून ते विटेखाली दाबलं. वीट सरकली, पुन्हा मोजलं. एरवी टेप ताई धरायची. धरताना हमखास काहीतरी सांगायला लागायची आणि हातवारे करताना टोक सोडून द्यायची. मी किती खेकसले आहे तिच्यावर. वीट बोलत नाही, तरी सरकतेच.

शेजारच्या अक्रोडाची पानं आमच्याकडे पडायला लागलीत. पूर्वेकडची भिंत दुपारभर ऊन खाते आणि दिवस मावळेपर्यंत ऊब सोडत राहते. हात लावून पाहिला. पानगळीत बसायला याहून चांगली जागा नाही. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून दोन पायऱ्या, तिथून सरळ विटांची वाट, पाच मीटर चाळीस, आणि शेवटी भिंतीला पाठ टेकून बाक. वाटेच्या दोन्ही अंगांना शेवंती आणि कंद.

बाकावर ताई माझ्या डाव्या हाताला. तिचा डावा कान गेलाय, मला कायम तिच्या उजवीकडे बसावं लागतं. नकाशात बाकावर दोन छोटे गोल काढले, एकात 'ता', एकात 'बा'. नकाशात माणसं काढायची नसतात, पण हा कुठे मंजुरीला जायचाय.

१९ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी फोन असतो. भाच्याने तिचा लांब कोट आणि लोकरीचे कपडे मागवले. तिकडे थंडी लवकर पडते म्हणे. एवढं भान आहे पोराला, बरं वाटलं. सगळंच पाठव म्हणाला, निवडत बसू नकोस. सगळं म्हणजे दोन पेट्या झाल्या. ऑक्टोबरअखेर परत येताना एवढं ओझं उगाच वागवावं लागणार, पण मी वाद घातला नाही.

ताईशी चार मिनिटं बोलले. आवाज बारीक झालाय. बागेचं सांगितलं. "खरंच करते आहेस?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "कर. तुला बसायला होईल."

मला कशाला होईल, मी कधी बसते?

२४ सप्टेंबर, गुरुवार

शेजारच्या सुतारांनी त्यांची जुनी भट्टी पाडली. कुंपणावरून डोकावून म्हणाले, "बाई, विटा हव्यात का? नाहीतर फेकतोय." हे गृहस्थ सत्तरीचे, दाढीत कायम भुसा, आणि मत विचारलं नाही तरी देणार. एकशे चाळीस विटा निघाल्या, त्यात सहा फुटक्या. एकशे चौतीस. साठ सेंटिमीटर रुंद आणि पाच मीटर चाळीस लांब वाटेला किती लागतात? बरोबर एकशे चौतीस. हिशेब असा जुळला की मी एकटीच हसले.

नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला.

"वाट जरा रुंद ठेवा."

"साठ पुरते. एकामागून एक जायला भरपूर."

"ताई आता कशा चालतात?"

"चालतात की. डॉक्टर म्हणालेच होते, सहा आठवड्यांत उभ्या राहतील."

"तसं नाही विचारलं मी," ते म्हणाले, आणि मग विटा टाकायला लागले.

विटा तेवढ्याच आहेत. रुंद कुठून करणार?

३ ऑक्टोबर, शनिवार

आज भाच्याने ताईची दवाखान्याची फाइल आणि चष्म्याचा जुना नंबर मागितला. तिकडे एक चांगला डॉक्टर धरलाय, घराजवळच आहे, दर महिन्याला दाखवता येईल. बाथरूममध्ये भिंतीला दांडा बसवून घेतलाय. खालच्या मजल्यावरची खोली रंगवली. पोरगा आईसाठी सगळं करतोय. मला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. तीन महिन्यांसाठी कोणी भिंती रंगवतं का? हौस दुसरं काय.

त्याला शाळेचा रस्ता मी काढून दिला होता ते आठवलं. मोजमापासकट, वळणं लाल शाईत. पहिल्याच दिवशी पोर ओढ्याकाठी रडत बसलेलं सापडलं, कारण मी ओढ्यावर पूल दाखवला होता. पूल प्रस्तावित होता. आमच्या टेबलावरून तो मंजूर होऊन गेला होता, फक्त बांधायचा राहिला होता. ताई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी हसत सुटली ती थांबेचना.

फोनवर ताई म्हणाली, "इथे खिडकीतून गाड्या दिसतात."

"इथे बाकावरून शेवंती दिसेल," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मग भाच्याने फोन घेतला.

८ ऑक्टोबर, गुरुवार

आज पायरीचं काम काढलं. ते लिहायचं टाळत होते. पण ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे तरी खरं लिहावं.

मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत. वरची सतरा सेंटिमीटर, खालची एकवीस. चार सेंटिमीटरचा फरक. डोळ्याला दिसत नाही, पण पाय फसतो. हे मला अकरा वर्षांपासून माहीत होतं, कारण पहिला नकाशा केला तेव्हा मीच ते मोजलं. लाल पेन्सिलीने बाजूला लिहिलंसुद्धा, 'दुरुस्त करणे'. मग ट्रेसिंग पेपरवर साफ नकाशा काढला. त्यात दोन्ही पायऱ्या एकोणीसच्या. सही, तारीख. आणि त्या दिवसापासून माझ्या लेखी ती पायरी दुरुस्त झालेली होती.

ताई पडली ती त्याच पायरीवर. हातात दुधाचं पातेलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. आधी पातेल्याचा आवाज आला आणि मी आतूनच ओरडले, "काय सांडलंस आता?"

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दवाखान्यात भाच्याने विचारलं, कशी पडली गं? मी म्हटलं, पाय घसरला.

सुतारांनी दुपारी मधली पायरी तासून वर सिमेंट लावून दिलं. आता दोन्ही एकोणीस. मी तीनदा मोजल्या.

१२ ऑक्टोबर, सोमवार

पाऊस. आज दिवसभरात तेवीस शब्द बोलले. मोजले. त्यातले नऊ टपालवाल्याशी.

१७ ऑक्टोबर, शनिवार

तिची खुर्ची मागितली. हातांची, उंच पाठीची, खिडकीपाशी असते ती. कंपनीचा टेम्पो पाठवतो म्हणाला. "तिला दुसऱ्या कशात बसवत नाही, मावशी. उठता येत नाही."

आजारी माणसाला आपली खुर्ची लागते, त्यात काही गैर नाही. पण ऑक्टोबर संपायला दोन आठवडे राहिलेत. म्हटलं, "आता दोन आठवड्यांसाठी कशाला ने-आण?"

तो म्हणाला, "मावशी, आपण नीट बोलू या एकदा. तिच्या चालण्याचं असं आहे की..."

तेवढ्यात दाराशी सुतार आले, बाकाचं लाकूड दाखवायला. मी म्हटलं, नंतर बोलू, माणूस खोळंबलाय. माणूस काही खोळंबला नव्हता, लाकूड ठेवून बसला होता आरामात. मी फोन का ठेवला कोण जाणे.

२० ऑक्टोबर, मंगळवार

खुर्ची गेली. फरशीवर चार गोल डाग राहिलेत, चार पायांचे. घासून पाहिले, जात नाहीत. तिथे दुसरं काही ठेवावं असं वाटत नाही. जाता-येता वळसा घालून जाते, जशी खुर्ची अजून तिथेच आहे.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

रोपवाटिकेतून चाळीस कंद आणले, वीस ट्यूलिप, वीस डॅफोडिल. रोपवाटिकेची मालकीणबाई हात कोपरापर्यंत मातीत घालून बोलते. मी कागद पुढे केला, बारा-बारा सेंटिमीटरवर खुणा केलेला. तिने तो बघितलासुद्धा नाही.

"रांगेत लावू नका हो. कवायतीला उभे केल्यासारखे दिसतात. मूठभर घ्यायचे, फेकायचे, पडतील तिथे लावायचे."

"आणि सगळे एकाच जागी पडले तर?"

"तर एकाच जागी उगवतील."

फुलणार कधी, विचारलं. थंडी सरल्यावर, म्हणाली. वाट बघायची आणि उकरून बघायचं नाही, एवढंच काम.

घरी येऊन चारदा हात मागे नेला आणि चारदा खाली घेतला. शेवटी डोळे मिटून फेकले. कुठे पडले ते मग टेपने मोजून नकाशावर मांडून घेतलं, चाळीसच्या चाळीस, क्रमांक घालून. ताई असती तर पोट धरून हसली असती.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

वाट पुरी झाली. एकशे चौतिसावी वीट बसवून उठले तेव्हा गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बाग झाली. अकरा वर्षं आणि आठ नकाशे.

बाक सुतारांनी केला, अक्रोडाच्या फळीचा. मी पाय जमिनीत पुरायला सांगत होते, नकाशात तसंच होतं. "नको, हलता राहू दे," म्हणाले, "माणसाला कधी ऊन हवं असतं, कधी नको." यांच्याशी वाद घालून काडीचा उपयोग होत नाही, हलताच ठेवला.

चार वाजता बाकावर बसले, उजव्या टोकाला, माझ्या जागेवर. भिंत पाठीला कोमट लागत होती. शेवंती पिवळी, एक ओळ गर्द तांबडी. पानं एकेक करून खाली येत होती, मी झाडायचं म्हणून केरसुणी शेजारी ठेवली होती, पण उठावंसं वाटेना. वाटेवर पानं पडलेली बरी दिसतात. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न करता तासभर बसले. सुख म्हणावं असंच होतं. ते सांगायला मी डावीकडे वळले.

ऊन गेल्यावर आत आले. घर इतकं गार कधी झालं?

७ नोव्हेंबर, शनिवार

ताई येतेय! पुढच्या रविवारी, पंधरा तारखेला. भाचा गाडीने आणतोय.

"दोन-तीन तास, मावशी," तो म्हणाला. "तिला तुला भेटायचंय. आणि कपाटातलं तिचं उरलेलं..."

"बाग तयार आहे म्हणून सांग तिला. पायऱ्या पण नीट केल्यात."

"मावशी, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. दोन तासांत काय बघून होणार, रात्रभर राहा. तिची गादी उन्हात टाकते."

तो म्हणाला, "बरं, ये म्हणतेस तसं येतो. आल्यावर बोलू."

गादी आजच टाकली. अजून आठ दिवस आहेत, पण ऊन रोज असतंच असं नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

अकरा वाजता गाडी आली. भाचा आधी उतरला, मागून एक घडीचं लोखंडी काहीतरी काढलं, उघडलं आणि ताईपुढे उभं केलं. वॉकर. चार पायांचा, पुढे दोन चाकं. ताई त्यात उभी राहिली. आधी वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा, मग दम. फाटकापासून दारापर्यंत अकरा मीटर आहे. तिला आठ मिनिटं लागली. ती वाळून एवढीशी झालीय. आता बारकी तीच.

मला वाटलं होतं, काठी असेल. फोनवर कोणी वॉकर म्हटलं नव्हतं. भाचा म्हणाला, "मी दोनदा म्हटलं, मावशी." म्हटलं असेल.

स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत आलो. भाच्याने तिला धरून पायऱ्या उतरवल्या. एकोणीस, एकोणीस. पाऊल बरोबर पडलं. मग ताईने वॉकर वाटेवर ढकलला आणि तो थांबला. पुन्हा ढकलला. डावं चाक विटेवर, उजवं चाक शेवंतीच्या वाफ्यातल्या मातीत रुतलेलं. भाच्याने उचलून तिरपा करून पाहिला. तिरपा केला की ताईला धरता येईना.

मी आत जाऊन टेप आणला. दुसरं काय करणार, मला एवढंच येतं. वाकून मोजलं. चौसष्ट.

"वाट किती केलीस?" ताईने विचारलं.

"साठ."

ती पाच मीटरवरच्या बाकाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मी तिच्यासाठी सगळं मोजलं होतं, भिंतीची ऊब, कान, कंदांमधली अंतरं. फक्त तिलाच मोजलं नव्हतं. माझ्या नकाशातली ताई जुनी होती. ओढ्यावरच्या पुलासारखंच हे, मी असलेलं बघतच नाही.

रडू आलं. मी कोणासमोर रडत नाही, आज टेप हातात धरून रडले.

कुंपणापलीकडून सुतार आले. 'मी म्हटलं होतं' असं म्हणायचा पुरेपूर हक्क होता त्यांना. म्हणाले नाहीत. भाच्याला नुसती मान हलवून खूण केली, दोघांनी बाक उचलला आणि आणून पायऱ्यांपाशी ठेवला. "हलता ठेवला ते बरं झालं," एवढंच पुटपुटले आणि भाच्याला घेऊन कपाटाकडे गेले, पेट्या बांधू लागायला.

आम्ही बसलो. ती डावीकडे, मी उजवीकडे. तिथे भिंतीची ऊब नव्हती, म्हणून तिच्या पायांवर गोधडी टाकली. शेवंती छान आलीय म्हणाली. पानं झाडली नाहीस, बरं केलंस म्हणाली. मग माझ्या हातातला टेप काढून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"बारके, मी आता तिकडेच राहणार. तो महिनाभर तुला सांगतोय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगितलं. तू विटांचं बोलत राहिलीस."

मग मी म्हटलं, "इथे मी बघीन की तुझं. बाथरूमला दांडा इथेही लागतो."

"तू एकसष्टची. मला उठवताना तू पडलीस तर दोघींना कोण उठवणार? सुतार?" ती हसली, पण डोळे भरले होते. "मलाही नाही जायचं गं. पण तिथे डॉक्टर आहे, खाली खोली आहे, पोरगा आहे. त्याची बायको चांगली वागते माझ्याशी. फक्त बोलायला कोणी नसतं दिवसभर."

"तिथे तुझ्या उजवीकडे कोण बसतं?"

"खिडकी."

मग मी पायरीचं सांगितलं. सतरा आणि एकवीस, लाल पेन्सिल, साफ नकाशा, अकरा वर्षं. 'काय सांडलंस आता' हेही सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही, जे तिने आयुष्यात केलेलं नाही.

"झालं?" ती म्हणाली. "ती पायरी खोटी आहे हे मला अठ्ठावीस वर्षं माहीत आहे. रोज दहादा उतरत होते ना मी. पायाला कळतं, टेप कशाला हवा? त्या दिवशी लक्ष दुधाकडे होतं. तुला वाटलं, तुझ्या एकटीकडे आहे का तो आकडा?"

तिने माझा हात धरला. अक्रोडाची दोन पानं गोधडीवर पडली. एक तिने पर्समध्ये ठेवलं.

रात्रभर कोणी राहिलं नाही. चारला निघाले. गाडीत बसवल्यावर काच खाली करून ताई म्हणाली, "फुलं आली की मला बघायचीत. एक दिवस आणायचं हं मला." भाचा म्हणाला, "आणतो, आई." ते माझ्याकडे बघून म्हणाला.

गादी गुंडाळून ठेवली.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही पहिल्यापासून वाचली. कोट, फाइल, खुर्ची. सगळं माझ्याच अक्षरात आहे, तारखेसकट. वाचून स्वतःचा राग आला, मग कीव आली, मग भूक लागली. तिच्या कपाटाचे कप्पे रिकामे आहेत. एका कप्प्यात तिने टेप ठेवून दिला होता, मी दोन दिवस शोधत होते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

वाट उखडली. सगळीच्या सगळी. सुतार कुंपणावरून बघत होते. "किती करणार?" म्हणाले. "पंच्याण्णव," मी म्हटलं. त्यांनी बोटं मोजली. "विटा साडेतीन मीटरलासुद्धा पुरणार नाहीत."

"तीन मीटर चाळीसला पुरतात. बाक घराच्या अंगाला ओढू."

"मग ऊब?"

"गोधडी आहे."

पायऱ्यांवर लाकडी उतार करून देतो म्हणाले. किती अंशाचा, ते मी सांगायच्या आधीच म्हणाले, "ताईंना चालताना पाहिलंय बाई मी, अंदाज आहे मला."

वाट दोन्ही अंगांनी वाढली तेव्हा अकरा कंद मध्ये आले. नकाशावरून काढले, क्रमांकानुसार, एकही चुकला नाही. त्यांना पांढऱ्या बारीक मुळ्या फुटल्या होत्या, अगदी केसाएवढ्या. उकरायचं नसतं, पण काय करणार. पुन्हा मुठीत घेतले आणि भिंतीकडच्या मोकळ्या मातीत फेकले. पडले तिथे लावले. अंधार व्हायला आला होता आणि टेप आत होता. आणायला गेले नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार

फोन. आज मीच लावला, शनिवारची सकाळ झाल्या झाल्या. भाच्याला सांगितलंय, ताईची खुर्ची अशी फिरव की डावा कान खिडकीकडे येईल आणि उजवीकडे फोन ठेवायला स्टूल. आता मी रोज अकराला लावणार आहे. उजवीकडे मी बसते, हे ठरलेलंच आहे.

"वाट झाली?" ताईने विचारलं.

"झाली. पंच्याण्णव. वॉकरला दोन्ही बाजूंनी पंधरा-साडेपंधरा सेंटिमीटर राहतात."

"आणि फुलं कुठे येणार? नीट सांग, म्हणजे मला इथे बसून डोळ्यांपुढे आणता येईल."

मी नकाशा उघडला. एकोणतीस कंद सांगितले, डावीकडून, अंतरासकट. ती हूं हूं करत होती.

"आणि बाकीचे अकरा?"

"माहीत नाही."

"काय?"

"माहीत नाही, ताई. फेकले. कुठे पडले ते लिहिलेलं नाही."

ताई हसायला लागली. पुलाच्या वेळी हसली होती तशी, थांबता थांबेना, खोकला आला तरी हसतेच आहे. भाचा घाबरून धावत आला असावा. फोन घेऊन म्हणाला, "मावशी, काय झालं? काय सांगितलंस तू आईला?"

काही नाही, म्हटलं, बागेचं सांगत होते.